विश्लेषण : इंटरनेट कंपन्यांनी जाहिरातींसाठी ग्राहकांवर पाळत ठेवण्यास विरोध का झाला?

मोबाइल किंवा ब्रॉडबँडचे पैसे भरले की कंपनीने इंटरनेट पुरवायचे, एवढाच हा व्यवहार आहे असे आपण धरून चालतो. मात्र ग्राहक कोणत्या संकेतस्थळांवर जातात, काय वाचतात, काय शोधतात हे टिपून त्यावर जाहिरातींचा धंदा उभारण्याचे प्रयत्न ब्रिटन, अमेरिकेसह अनेक देशांत झाले. काही ठिकाणी ग्राहकांनी ते हाणून पाडले, तर काही ठिकाणी ग्राहक हरले. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची मुख्य बंधने २०२७ मध्ये लागू होणार आहेत. त्या पार्श्वभूमीवर या लढ्यांमधून काय शिकण्यासारखे आहे, याचा आढावा.

गूगल, फेसबुकही माग ठेवतातच, मग यात वेगळे काय?

इंटरनेट कंपन्यांचा नेहमीचा युक्तिवाद हाच असतो. जाहिरातींसाठी लोकांची माहिती गोळा करणाऱ्या बड्या कंपन्या आधीच बाजारात आहेत, मग आम्हीच काय घोडे मारले, असा त्यांचा सवाल असतो. पण दोन्हींत मूलभूत फरक आहे. एखादे संकेतस्थळ आवडले नाही तर ते सोडून दुसरीकडे जाता येते. इंटरनेटची जोडणी मात्र अशी सहज सोडता येत नाही. अनेक गृहसंकुलांत, लहान शहरांत एक-दोनच पर्याय असतात. शिवाय संकेतस्थळाला त्याच्या आवारात (किंवा त्याचे ट्रॅकर जिथे बसवले आहेत तिथे) जे घडते तेवढेच दिसते. इंटरनेट कंपनीच्या तारेतून मात्र घरातील प्रत्येकाची, प्रत्येक उपकरणाची सारी वाहतूक जाते. त्या कंपनीकडे ग्राहकाचे नाव, पत्ता, ओळखपत्र आणि बिलाचा तपशीलही असतो.

दुसरा मुद्दा पैशांचा. मोफत सेवेच्या बदल्यात जाहिराती, हा सौदा अनेकांना पटला नाही तरी समजतो. इंटरनेटसाठी ग्राहक दरमहा पैसे मोजतो. तरीही त्याचीच माहिती पुन्हा विकली जाणार असेल तर त्याच्याकडून दोनदा वसुली झाली, असा आक्षेप घेतला गेला. टपाल पोहोचवण्याचे पैसे घेणाऱ्याने पाकीट उघडून आतला मजकूर वाचायचा आणि त्यावरून दुकानदारांना गिऱ्हाईक सुचवायचे, असा हा प्रकार असल्याचे विरोधकांचे म्हणणे होते.

ही पाळत ठेवली कशी जात असे?

इंटरनेटवरील माहिती छोट्या-छोट्या पुडक्यांमधून प्रवास करते. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर ते कुठून आले, कुठे जायचे याचा पत्ता असतो आणि आत मजकूर असतो. पॅकेट योग्य ठिकाणी पोहोचवण्यासाठी कंपनीला फक्त पत्ता वाचण्याची गरज असते. ‘डीप पॅकेट इन्स्पेक्शन’ या तंत्राने मात्र आतला मजकूरही तपासता येतो. विषाणू किंवा सायबर हल्ले रोखण्यासाठी, नेटवर्कवरील ताण हाताळण्यासाठी हे तंत्र वापरले जाते. तेच जाहिरातींसाठी वापरायचे ठरवल्याने वाद सुरू झाला.

ग्राहकाने मधुमेहावरील दोन-तीन लेख वाचले, गोव्यातील हॉटेले पाहिली, दुचाकीच्या किमती शोधल्या की यंत्रणा त्याला त्या-त्या गटात टाकणार. पुढे तो भलत्याच संकेतस्थळावर गेला तरी तिथे त्याला त्या गटासाठीच्या जाहिराती दिसणार. त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नात इंटरनेट कंपनीचाही वाटा, अशी ही योजना होती. २००८ च्या सुमारास बहुतांश संकेतस्थळांवरील वाहतूक कूटबद्ध नव्हती. त्यामुळे पानावरचा शब्दन् शब्द वाचणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते.

ब्रिटनमधील ‘फॉर्म’ प्रकरण काय होते?

या विषयावरील सर्वात मोठा लढा ब्रिटनमध्ये झाला. ‘फॉर्म’ नावाच्या कंपनीने १४ फेब्रुवारी २००८ रोजी जाहीर केले की बीटी, व्हर्जिन मीडिया आणि टॉकटॉक या तीन मोठ्या इंटरनेट कंपन्यांशी तिचे करार झाले आहेत. ब्रिटनमधील ब्रॉडबँड ग्राहकांपैकी सुमारे ७० टक्के ग्राहक या तिघींकडे होते. ग्राहकांसमोर ही सेवा ‘वेबवाइज’ या नावाने येणार होती. फसव्या संकेतस्थळांपासून संरक्षण आणि तुमच्या आवडीच्याच जाहिराती, असे तिचे गोंडस रूप होते. ग्राहकाचे नाव किंवा आयपी पत्ता साठवला जाणार नाही, त्याला केवळ एक क्रमांक दिला जाईल आणि वाचलेली पाने जतन होणार नाहीत, असे कंपनी सांगत होती.

पण ‘फॉर्म’चा पूर्वेतिहास लगेच बाहेर आला. हीच कंपनी आधी ‘१२१मीडिया’ नावाने काम करत होती आणि तिचे जाहिरात सॉफ्टवेअर संगणक सुरक्षा कंपन्यांनी घातक ठरवले होते. त्याहून मोठा धक्का पुढे होता. बीटीने ही यंत्रणा ग्राहकांवर आधीच वापरून पाहिली होती आणि ग्राहकांना त्याचा पत्ताही नव्हता. २००६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुमारे १८ हजार ग्राहकांवर पहिली चाचणी झाली. २००७ च्या उन्हाळ्यात दुसरी झाली. आपला ब्राऊझर अनोळखी पत्त्याकडे वळतो आहे, अशी तक्रार त्या वेळी ज्याने केली, त्याला संगणकात व्हायरस शिरला असावा असे सांगण्यात आले होते. ‘द रजिस्टर’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने हे प्रकरण लावून धरले. अखेर २००७ ची चाचणी झाल्याचे बीटीला मान्य करावे लागले. २००६ च्या चाचणीचा अंतर्गत अहवालही पुढे फुटला.

विरोध कोणी केला आणि कसा?

या लढ्याचे वैशिष्ट्य म्हणजे तो कुठल्या राजकीय पक्षाने उभारला नव्हता. सामान्य ग्राहक, संगणक अभियंते, वकील आणि विद्यापीठांतील संशोधक त्यात एकत्र आले. पंतप्रधान कार्यालयाच्या ई-याचिकेवर हजारो सह्या झाल्या. केंब्रिज विद्यापीठातील सुरक्षा संशोधक रिचर्ड क्लेटन यांनी ‘फॉर्म’ची यंत्रणा प्रत्यक्ष कशी चालते, ग्राहकाची विनंती मध्येच कशी वळवली जाते आणि भेट दिलेल्या संकेतस्थळाच्या नावाने कुकी कशी ठेवली जाते, हे सविस्तर मांडले. ‘फाउंडेशन फॉर इन्फॉर्मेशन पॉलिसी रिसर्च’ या संस्थेने मार्च २००८ मध्ये माहिती आयुक्तांना खुले पत्र लिहून ही यंत्रणा बेकायदा असल्याचा दावा केला.

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीही उघड भूमिका घेतली. आपल्या वेब वापराची माहिती ही आपली असून, असे प्रकार करणारी कंपनी आपण सोडून देऊ, असे त्यांनी स्पष्ट केले. जुलै २००८ मध्ये बीटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेबाहेर निदर्शने झाली. याचा व्यावसायिक परिणामही दिसू लागला. ‘द गार्डियन’ या वृत्तपत्राने जाहिरात भागीदारीतून अंग काढून घेतले. एप्रिल २००९ मध्ये ॲमेझॉनने आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने आपली पाने तपासण्यास ‘फॉर्म’ला मनाई केली.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा पुढे आला. संवादात दोन बाजू असतात. ग्राहकाने संमती दिली म्हणून समोरच्या संकेतस्थळाचीही संमती आहे असे कसे मानायचे, हा प्रश्न कंपन्यांना अडचणीचा ठरला.

‘ऑप्ट-इन’ की ‘ऑप्ट-आऊट’, हा वाद का निर्णायक ठरला?

‘ऑप्ट-इन’ म्हणजे ग्राहकाने ‘हो’ म्हटल्यावरच पाळत सुरू होणार. ‘ऑप्ट-आऊट’ म्हणजे पाळत सुरूच असणार, ग्राहकाने ‘नको’ म्हटल्यावर थांबणार. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण सारा धंदा त्यावर अवलंबून असतो. बहुतेक लोक सेटिंग बदलायला जात नाहीत. त्यामुळे ‘ऑप्ट-आऊट’ असेल तर जवळपास सगळे ग्राहक आपोआप योजनेत येतात. ‘ऑप्ट-इन’ असेल तर प्रत्येकाला विचारावे लागते आणि आपले काय-काय पाहिले जाणार हे कळल्यावर ‘हो’ म्हणणारे थोडेच असतात.

ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने एप्रिल २००८ मध्ये ही सेवा ‘ऑप्ट-इन’च असली पाहिजे असे मत दिले. त्यानंतर योजनेतली हवाच निघाली. बीटीने २००८ च्या अखेरीस ग्राहकांना विचारून तिसरी चाचणी घेतली आणि जुलै २००९ मध्ये योजना बाजूला ठेवत असल्याचे जाहीर केले.

मग दोषींवर कारवाई झाली का?

नाही, आणि हा या प्रकरणाचा कडवट भाग आहे. गुप्त चाचण्यांबाबतची तक्रार लंडन सिटी पोलिसांनी सप्टेंबर २००८ मध्ये बंद केली. गुन्हेगारी हेतू दिसत नाही, असे कारण देण्यात आले. २०११ मध्ये सरकारी अभियोग विभागानेही खटला न चालवण्याचा निर्णय घेतला.

मात्र तक्रारदारांनी युरोपीय आयोगाकडे धाव घेतली होती. आयोगाने एप्रिल २००९ मध्ये ब्रिटन सरकारविरुद्धच कारवाई सुरू केली आणि २०१० मध्ये प्रकरण युरोपीय न्यायालयाकडे नेले. ग्राहकाची संमती ‘असावी’ असे मानण्यास वाव आहे, एवढ्यावर त्याचा संवाद टिपण्याची मुभा ब्रिटिश कायद्यात होती. ब्रिटनला २०११ मध्ये ती तरतूद काढावी लागली आणि दंडाची सोय करावी लागली. त्यानंतर जानेवारी २०१२ मध्ये आयोगाने प्रकरण बंद केले. ‘फॉर्म’ने पुढे दक्षिण कोरिया, ब्राझील, तुर्कस्तान अशा देशांत बस्तान बसवण्याचा प्रयत्न केला. २०१६ मध्ये ही कंपनी बंद पडली.

अमेरिकेत ग्राहक का हरले?

अमेरिकेतही सुरुवातीला ग्राहकांची सरशी झाली. ‘नेब्यूॲड’ या कंपनीच्या मदतीने ग्राहकांचा माग ठेवण्याची चार्टर कम्युनिकेशन्सची योजना २००८ मध्ये जाहीर होताच एड मार्की आणि जो बार्टन या दोन पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र येऊन जाब विचारला. महिनाभरात चार्टरने माघार घेतली आणि ‘नेब्यूॲड’ पुढच्या वर्षी गुंडाळली गेली.

पण प्रयत्न थांबले नाहीत. एटी अँड टीने २०१३ मध्ये ऑस्टिन शहरात वेगवान इंटरनेट आणले, तेव्हा जाहिरातींसाठी माग ठेवू देणाऱ्यांना महिना ७० डॉलर आणि नकार देणाऱ्यांना ९९ डॉलर, असे दर ठेवले. म्हणजे खासगीपणाची किंमत महिन्याला २९ डॉलर! ही योजना २०१६ मध्ये बंद झाली. व्हेरायझनने मोबाइल ग्राहकांच्या वाहतुकीत एक ओळख क्रमांक गुपचूप जोडायला सुरुवात केली होती. ब्राऊझरमधील कुकी पुसल्या तरी तो कायम राहत असे. ‘सुपरकुकी’ म्हणून गाजलेल्या या प्रकाराबद्दल मार्च २०१६ मध्ये तिला १३ लाख ५० हजार डॉलरचा दंड झाला.

ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने तीन विरुद्ध दोन मतांनी नियम केला की ब्राऊझिंगचा तपशील जाहिरातींसाठी वापरण्यापूर्वी ग्राहकाची स्पष्ट संमती हवी. हा नियम पूर्णपणे लागू होण्यापूर्वीच सत्ताबदल झाला. मार्च २०१७ मध्ये सेनेटने ५० विरुद्ध ४८ आणि प्रतिनिधिगृहाने २१५ विरुद्ध २०५ मतांनी तो रद्द केला. ३ एप्रिल रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांची स्वाक्षरी झाली. लोकांचा संताप एवढा होता की या खासदारांचीच ब्राऊझिंगची माहिती विकत घेऊन जाहीर करू, असे म्हणत काहींनी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. पण ज्या कायद्याखाली नियम रद्द झाला, त्यात पुन्हा तसाच नियम करण्यासही नियामकाला मनाई आहे. म्हणजे दार नुसते बंद झाले नाही, त्याला कुलूपही लागले.

त्यानंतर मेन या राज्याने २०१९ मध्ये स्वतःचा ‘ऑप्ट-इन’ कायदा केला. इंटरनेट कंपन्या न्यायालयात गेल्या, पण २०२२ मध्ये त्यांनी दावा मागे घेतला. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सहा मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. काही कंपन्या वंश, लैंगिक कल यांसारख्या संवेदनशील बाबींवरूनही ग्राहकांचे गट पाडत असल्याचे त्यात आढळले.

आता संकेतस्थळे कूटबद्ध आहेत, मग धोका संपला का?

कमी झाला, संपला नाही. ब्राऊझरमध्ये पत्त्याआधी ‘एचटीटीपीएस’ असेल तर पानावरचा मजकूर इंटरनेट कंपनीला वाचता येत नाही. जगभरात गेल्या दशकभरात हे सर्रास झाले. पण कोणत्या संकेतस्थळावर गेलात, किती वाजता, किती वेळ, किती डेटा वापरलात हे बहुतेक वेळा कळतेच. एखाद्याने कर्करोगाच्या रुग्णालयाचे, घटस्फोटाच्या वकिलाचे किंवा कर्ज देणाऱ्या ॲपचे संकेतस्थळ रात्री दोन वाजता चार वेळा उघडले, एवढे कळायला आतला मजकूर वाचण्याची गरज काय?

युरोपात कंपन्यांनी आता मार्ग बदलला आहे. डॉइच टेलिकॉम, ऑरेंज, टेलिफोनिका आणि व्होडाफोन यांच्या संयुक्त जाहिरात कंपनीला युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली. ‘युटिक’ या नावाने ती ओळखली जाते. तिची पद्धत आधी संमती घेण्याची आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या विरोधाने एवढा फरक नक्की पडला.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात असा प्रश्न २०१५ मध्ये चर्चेत आला. एअरटेलच्या थ्रीजी जोडणीवरून उघडलेल्या पानांमध्ये परका संगणकीय कोड घुसवला जात असल्याचे बेंगळूरुमधील एका प्रोग्रामरला आढळले आणि त्याने तो पुरावा जाहीर केला. ग्राहकांना डेटा वापराची माहिती देण्यासाठीची ही चाचणी होती, असे स्पष्टीकरण कंपनीने दिले. मात्र तो कोड तयार करणाऱ्या इस्रायली कंपनीने प्रोग्रामरलाच कायदेशीर नोटीस पाठवली. एअरटेलने या नोटिशीशी आपला संबंध नसल्याचे म्हटले. ब्रिटनप्रमाणेच येथेही प्रकार उघडकीस आणला तो एका चौकस वापरकर्त्याने.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने, ग्राहक हाच आपल्या माहितीचा मालक आणि कंपन्या केवळ राखणदार, अशी शिफारस केली. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीसह मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.

या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी, पूर्ण माहितीनिशी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते. सेवा पुरवण्यासाठी जेवढी गरज आहे तेवढ्याच माहितीपुरती ती ग्राह्य धरली जाते. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. संमतीची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल. १८ वर्षांखालील मुलांचा माग ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवर, काही अपवाद वगळता, बंदी आहे. सुरक्षेसाठी ठेवाव्या लागणाऱ्या नोंदींचा विषय वेगळा आहे. परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांना इंटरनेट वापराच्या काही नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात.

या कायद्यात कच्चे दुवे कोणते?

दंड मोठे आहेत. सुरक्षेतील हलगर्जीपणासाठी कमाल २५० कोटी आणि संमतीसारख्या इतर तरतुदी मोडल्यास कमाल ५० कोटी रुपये. पण हा पैसा सरकारी तिजोरीत जातो. नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाई मिळण्याची सोय नव्या कायद्यात नाही. उलट भरपाईची सोय असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ‘४३ अ’ हे कलमही त्यामुळे वगळले जाणार आहे. शिवाय संमती मोजायची कशी, हा प्रश्न आहेच. सिम घेताना दुकानदारच मोबाइलवर पटापट ‘ॲग्री’ दाबून देतो किंवा केबलवाल्याचा माणूस अर्ज स्वतःच भरून सही घेतो, हा आपल्याकडचा रोजचा अनुभव आहे. कायद्यातील ‘स्पष्ट कृती’ अशा वेळी कोणाची मानायची, याचे उत्तर डेटा संरक्षण मंडळाच्या पहिल्या काही निर्णयांतून मिळेल.

ग्राहक काय करू शकतो?

सर्वात आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘इन्कॉग्निटो’ किंवा ‘प्रायव्हेट’ मोडमध्ये ब्राऊझर फक्त तुमच्या फोनवर नोंद ठेवत नाही. इंटरनेट कंपनीपासून काहीही लपत नाही. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ हा पर्याय आहे. त्याने संकेतस्थळांचे पत्ते शोधण्याची विनंती कूटबद्ध होते आणि एक मोठी फट बुजते. व्हीपीएन वापरल्यास इंटरनेट कंपनीला फारसे दिसत नाही, पण तेच सारे व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. त्यामुळे फुकट व्हीपीएन म्हणजे आगीतून फुफाट्यात पडण्यासारखे ठरू शकते. कंपनीच्या ॲपमध्ये ‘वैयक्तिक ऑफर’, ‘भागीदारांना माहिती देणे’ अशा नावांचे पर्याय सुरू आहेत का, हे तपासून बंद करावेत. नवी जोडणी घेताना अर्जावरील संमतीच्या चौकटी स्वतः वाचूनच टिक कराव्यात.

मात्र सेटिंग बदलून हा प्रश्न सुटत नाही, हेच या साऱ्या घडामोडी सांगतात. ब्रिटनमध्ये पोलिसांनी हात वर केले तरी योजना बारगळली. कारण यंत्रणा नेमकी कशी चालते हे लोकांनी समजून घेतले, ते लेखी मांडले आणि दाद मागण्यासाठी ‘आधी विचारा’ हा नियम त्यांच्या हाती होता. अमेरिकेत संताप कमी नव्हता, पण तो नियमच काढून घेतला गेला. भारतात तो नियम आता कायद्याच्या पुस्तकात आला आहे. तो मोडला गेल्यास आधी कंपनीकडे आणि मग डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येईल. अशा तक्रारी किती होतात, यावर त्या नियमाचे वजन ठरेल.